देवपूरहून बेटावर जायची गाडी

धुळ्यातल्या देवपूरहून सकाळी सहाला निघालं की जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही गावी पोचता येतं, फक्त गाडी कुठे बदलायची ते ठाऊक हवं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमचे भाऊजी धुळ्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेमागे बसून माइकवर गाड्या पुकारायच्या आणि खिडकीशी आलेल्याला उत्तर द्यायचं, यात त्यांची उभी हयात गेली. "गाडी नाही" असं त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. एखादी म्हातारी सातपुड्यातल्या कुठल्याशा पाड्याचं नाव घ्यायची, बाकीचे कर्मचारी एकमेकांकडे बघायचे, आणि भाऊजी म्हणायचे, "गाडी शे. बदलनी पडी." मग दोन फाटे, एक काळीपिवळी, शेवटी कुणाची तरी बैलगाडी, अशी वाट ते कागदाच्या कपट्यावर लिहून द्यायचे. म्हातारी पोचली की नाही, याची चौकशी ते आठवडाभर त्या बाजूच्या कंडक्टरांकडे करत.

रिटायर झाले तरी आवाज माइकचाच राहिला. घरात चहा झाला की "चहा लागला आहे" अशी घोषणा होते. पाहुण्याने "निघतो" म्हटलं की पाचव्या मिनिटाला तो रस्त्यावर असतो, कारण भाऊजी त्याची पिशवी घेऊन आधीच फाटकाशी उभे असतात. आमच्या माहेरी, असोद्याला, माझी पाठवणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मी आईच्या गळ्यात पडून रडत होते, बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या, एवढ्यात भाऊजींनी जीपच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "रडानं बठ्ठं गाडीमा. पुढे लेट व्हस!" उरलेलं रडणं गाडीत करायचं म्हणून मी हुंदका अर्धवट टाकून चढले. सासरी वेळेवर पोचलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच नवरी असेन.

पण या माणसाने स्वतःच्या बायकोला कुठे नेलं म्हणाल, तर कुठेच नाही. दिवाळीला जादा गाड्या, उन्हाळ्यात लग्नसराई, बाकीच्या दिवसांत कुणी ना कुणी रजेवर. आमची अक्का माहेरी यायची तीसुद्धा एकटीच. भाऊजी तिला फलाटावर आणून बसवत, खिडकीची जागा बघून देत आणि गाडी पुकारायला आत निघून जात. एवढ्या वर्षांत दोघं एका बाकावर बसून कुठे गेले नाहीत, आणि याचं अक्काला किती वाटायचं ते मला माहीत आहे. दरवेळी असोद्याला उतरली की ती आधी मागे वळून गाडीच्या दाराकडे बघायची.

एकदा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेली असताना अक्काने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक चित्र पाहिलं. निळा समुद्र, टेकडीवर चुन्यासारखी पांढरी घरं, खाली ग्रीसमधल्या कुठल्या बेटाचं नाव. ती सहज म्हणाली, "तिथी जाता येतं का हो?" झालं! ही चौकशी होती. भाऊजी ताठ बसले. "गाडी शे," ते म्हणाले.

पुढचे आठ महिने देवपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत बेटाशिवाय विषय नव्हता. विमानं, बोटी, बेटावरच्या बसगाड्या, सगळ्यांचं वेळापत्रक एका लांबलचक कागदावर आखलं गेलं. सोबतीला तिसरी म्हणून माझं नाव घातलं. आणि एके दिवशी भाऊजींना चूक सापडली. बोट धक्क्याला लागते सव्वादहाला आणि तिथून बस सुटते दहा दहाला! रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी त्यांनी खोल्या भाड्याने देणाऱ्या तिथल्या बाईंना सरकारी इंग्रजीत पत्र धाडलं, की प्रवाशांची घोर गैरसोय होत असून तातडीने लक्ष घालावे. बाईंचं उत्तर आलं, की वेळ कागदावर चुकीची आहे खरी, पण ड्रायव्हर बोट येईपर्यंत कॉफी पीत बसतो. तो कुणाला मागे टाकून गेलेला नाही. भाऊजींनी ते पत्र आल्यागेल्याला वाचून दाखवलं. "मानूस शे तो, मानूस!" म्हणत त्यांनी त्या ड्रायव्हरसाठी केळीचे वेफर्स घ्यायला मला जळगावात पिटाळलं.

एवढा चोख माणूस अडला कुठे, तर जन्मतारखेत. आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांची तीच तारीख लिहायचे. अक्काही एक जूनची, मीही एक जूनची. आम्ही पासपोर्टच्या फॉर्मवर मुकाट्याने तीच लिहिली आणि आमचे पासपोर्ट आले. भाऊजींनी मात्र भलतीच लिहिली. त्यांची आई सोनगीरची, अक्षरशत्रू. ती सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरपूरची पहिली मोटर गेली आणि तू झालास. भाऊजींनी जुनं पंचांग शोधून त्यावरून तारीख काढली होती आणि ती फॉर्मवर ठोकून दिली. दाखला एक सांगतो, फॉर्म दुसरंच. अर्ज अडकला. मी चिडून म्हटलं, "भाऊजी, नोकरीभर एक जून चालली ना तुम्हाला?"

"ते कागद मास्तरांनी लिहिलेले," ते शांतपणे म्हणाले. "हा फॉर्म मी स्वतः भरला. आईने मला दिलेली एवढी एकच वेळ आहे. ती खोटी कशी लिहू?"

आई जाऊन वीस वर्षं झाली होती. आक्षेप आले, खुलासे गेले, आणि आमचा व्हिसा झाला तेव्हा भाऊजींचा पासपोर्टसुद्धा नव्हता. अक्का म्हणाली, मीही राहते. भाऊजींनी ऐकलं नाही. सुटायची गाडी ते थांबवत नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना मुंबईच्या गाडीत बसवलं, अक्काला खिडकी दिली आणि पत्र्यावर थाप मारली.

तो प्रवास आम्ही केला असं म्हणायलाही मला संकोच वाटतो. तो भाऊजींनी देवपुरात ओट्यावर बसून चालवला. विमानतळावर फोन, धक्क्यावर फोन, बसमध्ये फोन: "डाव्या हाताला बसा, समुद्र तिकडे शे." एकही गाडी चुकली नाही. तो ड्रायव्हर खरोखरच कॉफी पीत बसला होता. वेफर्स त्याने तिथेच फोडून सगळ्या बसला वाटले. संध्याकाळी आम्ही खोलीसमोरच्या कट्ट्यावर बसलो. खाली एवढा निळा समुद्र की डोळे भरून आले. अक्काने भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याकडे वळवला. पलीकडे भाऊजींनी तोंड फिरवलं. "दखाडू नको," ते म्हणाले. "मी आजून पोचनू नही."

अक्काने फोन मांडीवर पालथा ठेवला. मग तिने मागे वळून बस थांबते त्या रस्त्याकडे पाहिलं. "इथी बी मी त्यांची वाटच पाहू राहिली," ती म्हणाली.

हे वाक्य मी परतल्यावर भाऊजींना सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. त्यांनी नवा फॉर्म काढला आणि माझ्याकडे पेन मागितलं. उभ्या नोकरीत रजिस्टरमध्ये एक मिनिट इकडचं तिकडे न लिहिलेल्या त्या हाताने, सावकाश, कोरून काढल्यासारखे आकडे घालत त्यांनी एक जून लिहिली.

"आईनी येळ माले माहीत शे," ते म्हणाले. "कागदले माहीत नही ऱ्हायनी तरी चाली."

आता पासपोर्ट आला आहे. अक्काचे गुडघे कुरकुरतात, भाऊजींनाही जिना चढताना थांबावं लागतं, आणि त्या बेटाकडे हिवाळ्यात बोटी कमी असतात. वेळापत्रकाचा नवा कागद आखून तयार आहे. त्यात माझं नाव नाही, याचा मला फार आनंद झाला. माझ्या बहिणीच्या शेजारच्या सीटवर हा माणूस एकदा बसलेला मला बघायचा आहे. त्या दिवशी पत्र्यावर थाप मी मारीन.