बाबा झोपलेत

आम्ही जपानात, निशी-कसाईत राहायला आलो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती आणि भयंकर बडबडी. विमानात तिनं शेजारच्या जपानी आजोबांना चिमणीच्या घराची अख्खी गोष्ट मराठीत सांगितली. त्यांनीही मान डोलवत ती शेवटपर्यंत ऐकली. बायको म्हणाली, "हिला इथं काही अडचण नाही, आपलंच काय ते बघायचंय."

माझं काम मॉनिटरिंगचं. एका मोठ्या कंपनीच्या सिस्टिम्स चोवीस तास चालायच्या, आणि त्या चालतायत ना हे बघायला आम्ही सहा जण पाळीपाळीनं बसायचो. एक आठवडा सकाळची शिफ्ट, मग दुपारची, मग रात्रीची, की पुन्हा सकाळची. मी तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती. झोपेचं काय, कधीही झोपू, असं मला वाटायचं.

रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी नऊच्या सुमाराला घरी यायचो. समोरच्या फलाटावर ऑफिसला निघालेल्यांची गर्दी असायची आणि मी ऊन डोळ्यांवर घेत घराकडे चालत असायचो. घर दोन खोल्यांचं, मधे एक सरकतं दार. त्या दारातून चमचा ठेवल्याचाही आवाज यायचा. मी जाड काळे पडदे लावले, कानात बोळे घातले. तरी दोन-तीन तासांनी झोप उडायची आणि मग छातीत धडधडत मी छताकडे बघत पडायचो. शरीराला एका वेळेची सवय होतेय तोवर वेळ बदलायची. भूक भलत्याच वेळी लागायची, तेव्हा कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचे त्रिकोण आणून उभ्याउभ्याच खायचो. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. डॉक्टरांनी विचारलं, झोप नीट होते का. मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर त्यापुढचं सांगण्याइतकं जपानी मला येत नव्हतं.

घरात मुलीला दिवसभर एकच वाक्य ऐकू यायचं. "हळू बोल, बाबा झोपलेत." सुरुवातीला बायको ते हसून म्हणायची.

मुलगी चार वर्षांची झाली होती तेव्हाची गोष्ट. भर दुपार होती. पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला होता आणि त्यांनी काहीतरी गंमत केली असावी. मुलगी खदाखदा हसली. माझा नुकता डोळा लागला होता. मी दार सरकवून बाहेर आलो, बायकोच्या हातातून फोन ओढला, बंद केला आणि ओरडलो, "घरात एक माणूस झोपलाय, कळत नाही का तुम्हाला?"  बायको माझ्याकडे बघतच नव्हती, खाली बघत होती. मुलीच्या पायाशी चटई ओली झाली होती.

मी आत जाऊन परत झोपलो. ओरडल्याची लाज वाटतेच, पण हे जे आत जाऊन झोपलो, ते मला अजून कुणाला सांगता येत नाही.

तिच्या बालवाडीतल्या बाईंनी काही महिन्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. त्यांनी फार जपून, शब्द शोधत सांगितलं की मुलगी शहाणी आहे, सगळं समजतं तिला, पण ती आवाज काढून बोलत नाही. कुजबुजते. खेळतानाही. पडली, लागलं, तरी रडताना तोंडावर हात ठेवते. कान एकदा तपासून घ्याल का?

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मी शिफ्टवरून सरळ तिथेच गेलो होतो. कान उत्तम होते. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून विचारलं, "घरी काय काय खेळतेस?"

मुलीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग पुढे झुकून त्यांच्या कानाजवळ जपानीत काहीतरी पुटपुटली. डॉक्टरीणबाईंनी ते बायकोला पुन्हा सांगितलं.

मी बायकोला विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा उठणार नाहीत असे खेळ."

घरी येताना मुलगी सायकलच्या मागच्या सीटवर झोपली आणि बायको सायकल हातानं ढकलत माझ्या बाजूनं चालू लागली. तेव्हा तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मी ओरडलो त्या दुपारपासून माझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात त्या दोघी घराबाहेरच राहायच्या. बागेत, पाऊस असला की वाचनालयात, उन्हाळ्यात सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरच्या बाकांवर. डबा बाहेरच खायच्या. बालवाडी सुरू झाली तरी ती दोन वाजता सुटायची, मग पुन्हा तेच. एकदा मुलीला ताप होता तरी ती तिला घेऊन जिन्यात बसली होती, कारण घरात मुलगी कण्हत होती.

"मला उठवायचंस ना," मी म्हणालो.

"तुला उठवायची मलाही भीती वाटते," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी मॅनेजरसानना गाठलं. दिवसाची शिफ्ट हवी, मुलीची तब्येत बरी नाही. त्यांनी मनापासून ऐकलं, वाकून दिलगिरी व्यक्त केली आणि म्हणाले, माणसं कमी आहेत, एप्रिलमध्ये नवीन टीम ठरेल तेव्हा नक्की. तेव्हा सप्टेंबर चालू होता.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. ती थांबली नाही. "एप्रिलपर्यंत मी तिला असं नाही ठेवू शकत. मी तिला आईकडे घेऊन जाते. तिथं तिला पाहिजे तेवढं कोकलू दे."

"आणि एप्रिलनंतर?"

"बघू."

मी विमानतळावर सोडायला गेलो. मुलीनं हात हलवला. माझ्या डोळ्यांत पाणी बघून ती आईच्या कानात काही बोलली, ते मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये खरंच दिवसाचं काम मिळालं. मेच्या सुट्टीत मी पुण्याला गेलो, आधी न कळवता. सासरच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो तर खाली मुलं डबा ऐसपैस खेळत होती आणि सगळ्यांत वरचा आवाज माझ्या मुलीचा होता. ती चक्क किंचाळत होती. मी तिथेच उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. तिचा हा आवाज मी जवळजवळ विसरलो होतो.

मग तिनं मला बघितलं आणि तिचा आवाज बंद झाला. ती हळूहळू चालत आली, माझं बोट धरून मला वर घेऊन गेली. आजीच्या खोलीतल्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, उशी नीट केली. "झोपा," ती कुजबुजली. "मी त्यांना मागच्या बाजूला खेळायला सांगते."

मला झोप आलेली नव्हती. विमानात छान झोपलो होतो. पण ती दारात वाट बघत थांबली होती, म्हणून मी आडवा झालो आणि डोळे मिटले. तेव्हा कुठे तिनं दार ओढून घेतलं. खाली जाऊन ती मुलांना समजावत होती, ते मला पडल्यापडल्या अर्धवट ऐकू येत होतं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "आम्ही परत येत नाही. मला इथं शाळेत नोकरी मिळतेय." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती थकून म्हणाली.

त्याला तीन वर्षं झाली. मी निशी-कसाईतल्या त्याच घरात राहिलो. दिवसाची नोकरी, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. सलग सहा तास झोप मला आजही लागत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, आणि काही जणांना ती पूर्वीसारखी परत येत नाही. मुलगी रविवारी फोनवर बोलते. शाळेतलं सांगते, गृहपाठाचं सांगते. चांगलं स्पष्ट बोलते आता. मात्र फोन उचलल्यावर आधी विचारते, "तुम्ही कामात आहात का?" ती मला "तुम्ही" म्हणते. आईला "तू".

गेल्या महिन्यात मी राजीनामा दिला. बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ये. पण सुरुवातीला वेगळं घर घे, जवळपास. तिला सवय होऊ दे. आणि लगेच तिच्याकडून काही मागू नकोस."

मी हो म्हणालो. मग इथूनच पुण्यातल्या एका एजंटला फोन लावला. त्यानं विचारलं, किती माणसं राहणार?

"एक," मी म्हणालो.

"फॅमिली नाहीये का, सर?"

"आहे. जवळच राहते."