खिळ्याच्या जागी मी

“रेणुका, पीछे कौन खड़ा है? नौकर है? उसको बोलो, हटे यहाँ से.”

मोबाइलमधून बाईंचा आवाज आला. मी नातीच्या मागं चादर धरून उभा होतो. खोकल्याची उबळ आली नि हात सुटला. माझं बनियन, पांढरी दाढी, मागची शेगडी, भांडी, सगळं त्या चौकोनात दिसलं. पोरं हसली. ज्यांचे आवाज बंद होते त्यांनी हसरी तोंडं पाठवली. ओळीनं.

माझी नात म्हणाली, “जी मैम.”

तेवढंच. मी हटलो.

रेणू अकरावीत. तिची शाळा मोबाइलवरच, इमारत नाही, मैदान नाही. माझी मुलगी टी. टी. नगरात लोकांकडे स्वयंपाक करते, त्यातून फी भरते. आम्ही राहतो या हिंदी मुलखातल्या शहराच्या टोकाला, अवधपुरीत, नव्या कॉलन्यांच्या मागं, एका खोलीत. कॅमेरा चालू ठेवायचाच, असा शाळेचा हुकूम. बाकी पोरांच्या मागं कपाटं, पडदे, कुंड्या. आमच्या मागं उघड्या विटा. म्हणून रेणूनं निळी चादर काढली. घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही. खिळ्याच्या जागी मी. रोज सकाळी दोन्ही हात वर. ठेकेदाराकडे जन्मभर लोखंड उचललं, मला चादरीचं काय ओझं, असं वाटायचं.

त्या दिवसानंतर घरात काहीतरी शिरलं. रेणू बोलेना. ताट तसंच परत. वर्ग सुरू व्हायच्या आधी तिचे हात गार पडायचे. ओठांची सालं काढायची, रक्त येईस्तोवर. बाईंनी नाव घेतलं की तिची पाठ लाकडासारखी ताठ. उत्तर यायचं तिला. चादरीमागं उभ्या मला तिची पुटपुट ऐकू यायची. पण आवाजाचं बटण दाबायचीच नाही.

“नेटवर्क नहीं है, या दिमाग नहीं है?” बाई म्हणायच्या. पुन्हा ती हसरी तोंडं.

एका दुपारी रेणूनं आतून कडी लावली. मी हाका मारतोय, आतून हूं नाही का चूं नाही. दार धडाधडा वाजवलं तेव्हा उघडलं. डोळे कोरडे.

“आबा, मी नसले तर तुम्हाला चादर पण धरावी लागणार नाही.”



मी ओळखलं हे काय आहे ते. गावच्या शाळेत मला चपलांपाशी बसवायचे. माझ्या पाटीला गुरुजी हात लावत नसत. एकदा सगळ्यांच्या आधी मी उत्तर दिलं. गुरुजी म्हणाले, “तुला कोणी विचारलं रे?” अख्खा वर्ग हसला. चौथीतून उठलो तो उठलोच. ती लाज मी आयुष्यभर माझी म्हणून वागवली. माझी नव्हती ती. मला चपलांपाशी बसवणाऱ्यांची होती. आणि आता तीच लाज मी दोन्ही हातांनी नातीच्या मागं धरून उभा होतो.

तोंडी परीक्षेला बाईंनी रेणूचं नाव पुकारलं. पाठ ताठ. पुटपुट.

मी चादर सोडली. पुढं येऊन तिच्या शेजारी बसलो. त्याच बनियनवर.

“आबा, हटा ना!” रेणू दबक्या आवाजात.

मी स्वतः बटण दाबलं. “मैडम, मैं नौकर नहीं, इसका नाना हूँ. ये हमारा घर है. अब पूछो जो पूछना है.”

पोरं हसली की गप्प राहिली, मी बघितलं नाही. रेणूनं मोबाइल पालथा टाकला. उत्तर दिलंच नाही तिनं.

“मारून टाकलंत तुम्ही मला,” म्हणाली.

तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. असू दे. दाराची कडी मी उपटून फेकली. चादरीची फडकी केली, त्या फडक्यांनी मुलगी ओटा पुसते. मुलगी म्हणते, बाबा, कशाला हट्ट, पोरगी आणखी बिथरेल. बिथरू दे, माझ्या डोळ्यांसमोर बिथरू दे. मी तिला एकटी सोडणार नाही.

उद्या सकाळी वर्ग आहे. कॅमेरा चालू राहील. विटा दिसतील, शेगडी दिसेल, मी दिसेन. रेणू तोंड उघडेपर्यंत रोज. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

हटलो तो एकदाच.