तिसऱ्या मजल्यावरचा चौथा खाना

आमच्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आम्ही सगळ्या आया तिला खानेबाई म्हणायचो. प्रोग्रॅमिंग शिकवायची ना, तोंडात सदा खाने! ॲरे म्हणजे खान्यांची रांग. रांगांवर रांगा सारख्या रचल्या की द्विमितीय ॲरे, आणि रांगा लहानमोठ्या असल्या की दातेरी. "आणि मोजायचं शून्यापासून, मावशी." मी म्हणायचे, "कायतरीच बाई तुमचं!"

तिची आई आमच्याकडेच, तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाच्या खोलीत. त्या मजल्यावर दुसरं कोणी नाही. अर्धांगानं वाचा गेलेली. उशाशी घंटीचं बटण, तेवढाच काय तो तिचा आवाज. खालचा घंट्यांचा फलक लेकीनंच करून दिलेला, दर मजल्याला चार खाने. तिसऱ्यावर खोल्या तीनच, कारण जिन्यालगत पाण्याची टाकी. म्हणून तिथला शेवटचा खाना तिनं रिकामा ठेवला होता.

नेमका तोच पेटायला लागला. भर दुपारी, ट्रिंग ट्रिंग. तिसरा मजला, चौथी खोली! अहो, खोलीच नाही तर बोलावतंय कोण? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आम्ही जोडीनं आजींना भरवायचो नि धूम खाली पळायचो. मागून परत ट्रिंग.

शेवटी खानेबाईला बोलावलं. "भूतबित काही नाही हो. चौकोनी ॲरे घेतला हीच माझी चूक. दातेरी करते, म्हणजे तो खानाच उरणार नाही." तिनं खटाखट काहीतरी केलं आणि घंटी मध्येच तुटली. सुटलो बाई एकदाचे!

मग आम्ही आजींना भेटायला वर गेलो. टाकीपाशी ती थबकली. टाकीच्या वर, वायरीजवळ, वायरमननं खडूनं एकचा आकडा लिहिला होता. पुढच्या दारांवर दोन, तीन. आईच्या दारावर चार.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, आईच बोलावत होती हो. आणि मी तिची खोलीच काढून टाकली."

आत आजी टक्क जाग्या होत्या. गादी ओलीचिंब. अंगठा बटणावर, दाबून दाबून नख पांढरं झालेलं.

"आई, अगं मी आलेय. सोड ना गं आता."

आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओळखलंही. आणि पुन्हा बटण दाबलं.

खाली काहीच वाजलं नाही.