हार्मचं फिटलेलं घर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा हार्म दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, दुसऱ्या बाईकडे बघत नाही. त्याच्याविषयी कुणी तक्रार करायला गेलं की लोक आधी हेच तीन दाखले पुढे करतात. मीही करायचे. आता करत नाही. माणूस काय काय करत नाही, एवढ्यावर संसार चालत नसतो.

झानडमच्या कोकोच्या कारखान्यात तो तीस वर्षं मशीनवर उभा आहे. संध्याकाळी घरी आला की त्याच्या स्वेटरला चॉकलेटचा वास, आणि घरात मात्र चॉकलेटचा तुकडा औषधालाही सापडायचा नाही. योकेशी लग्न झालं त्याच वर्षी त्याने रांगेतलं एक विटांचं घर घेतलं, तीस वर्षांच्या कर्जावर. सगळेच घेतात. सगळे महिन्याचा हप्ता भरतात आणि बाकीच्या पैशांत जगतात. हार्मने ठरवलं की आपण मुदतीच्या आधी फेडायचं. बँक दर वर्षी थोडी रक्कम दंडाशिवाय जास्तीची भरू देते. ती सवलत बाकीच्यांसाठी होती, हार्मसाठी तो वर्षभराचा उपास होता.

त्याला कारण नव्हतं असं मी म्हणत नाही. तो नऊ वर्षांचा असताना व्याजाचे दर भडकले, त्याच्या बापाचे हप्ते थकले आणि घराचा लिलाव झाला. सामान फुटपाथवर आलं आणि हा पोरगा स्वतःच्याच गादीवर, रस्त्यात, बूट घालून बसून राहिला. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, तीही भांडी पुसता पुसता. मी नळ बंद करून ऐकलं होतं. पण ज्याचं पोर रस्त्यावर आलं तो बाप वेगळा आणि हा वेगळा. याच्या हप्त्याला कधी एक दिवस उशीर झाला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही कळतं. याने अंथरूणच गुंडाळून बँकेत नेऊन ठेवलं आणि बायको-पोरीला म्हणाला, आता झोपा.

घरात थंडीतही हीटर सोळा अंशांच्या वर जायचा नाही. ‘स्वेटर काय शोभेला आहेत?’ हे त्याचं वाक्य. मे महिन्यात सगळ्यांना पगारासोबत सुट्टीचा भत्ता मिळतो आणि आमची अख्खी गल्ली गाडीच्या मागे तंबूंचं सामान जोडून, बटाट्याची पोती भरून फ्रान्सच्या वाटेला लागते. हार्मचा भत्ता सरळ बँकेत जायचा. मग तो जेवणाच्या टेबलाशी उभा राहून जाहीर करायचा, ‘स्वयंपाकघर आपलं झालं!’ पुढच्या वर्षी न्हाणीघर. त्याच्या पुढच्या वर्षी जिना. कर्ज तो खोल्यांनी मोजायचा. माझी भाची फेम्के सात वर्षांची असताना शाळेत बाईंनी विचारलं, सुट्टीत कुठे कुठे गेलात? कुणी समुद्रावर, कुणी डोंगरात. फेम्के म्हणाली, ‘आम्ही यंदा जिना घेतला.’ बाई हसल्या. योकेनेही मला हसतच सांगितलं. मला हसू आलं नाही.

एकदा माझ्या वाढदिवसाला सगळे गोल करून खुर्च्यांवर बसलेले, मी दुसऱ्यांदा केक फिरवला तर हार्म म्हणतो, ‘विल्माबाई, दोन दोन तुकडे? लॉटरी लागली की काय?’

‘तुझ्याकडे येते तेव्हा घरून जेवून येते ना,’ मी म्हटलं, ‘तुझं ते वाचलेलं इथे वाढते.’

सगळे हसले. तोही हसला. त्याला लागत नाही ही त्याची खरी ताकद.

‘अरे, बायकोला एकदा तरी इटलीला ने. लग्नाच्या आधीपासून म्हणतेय ती,’ मी म्हटलं.

‘घर फिटू दे. मग योके म्हणेल ते.’

‘आणि तोवर तिने काय करायचं?’

‘तोवर डोक्यावर छप्पर आहे की!’ तो म्हणाला आणि योकेकडे बघितलं. योकेने मान डोलावली. ती नेहमी डोलवायची.

आता योकेबद्दल. ती व्हॅन चालवायची. ज्या मुलांना सायकलवर किंवा एकट्याने शाळेत जाता येत नाही, चाकाच्या खुर्चीतली, कुणी बोलू न शकणारी, त्यांना सकाळी घराघरांतून उचलायचं आणि दुपारी परत सोडायचं. पगार बेताचा. पण घरात तिला आवाज नव्हता तो सगळा त्या व्हॅनमध्ये होता. मोठमोठ्याने गायची, मुलं ओरडायची, सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक वळून बघायचे. एक मुलगा कुणालाच हात लावू देत नसे, तो हिला सीटचा पट्टा लावू द्यायचा. ‘ताई, अख्ख्या गावात फक्त मला!’ असं सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता. तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणून जे होतं ते एवढंच, आणि त्यावर बँकेचा बोजा नव्हता.

वर्ष संपताना आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात बेदाण्याचे गोळे तळतो. आईच्या वेळेपासूनचं आहे. गेल्या वर्षअखेरीला ती आली, मी तळत होते आणि ती वर पिठीसाखर भुरभुरवत होती. बघते तर साखर ताटाच्या बाहेर, टेबलावर.

‘अगं, लक्ष कुठंय?’

‘आहे की.’ आणि पुन्हा बाहेर.

मी गॅस बंद केला. ‘योके, इकडे बघ. काय झालंय?’

‘काही नाही गं. डाव्या डोळ्यापुढे जरा पडदा आल्यासारखं वाटतंय. आधी नुसत्या विजा चमकायच्या.’

‘कधीपासून?’

‘नाताळापासून. सत्तावीसला डॉक्टरकडे जाऊन आले ना! त्यांनी चिठ्ठी दिलीय इस्पितळाची.’

‘कधी जा म्हणाले?’

तिने टेबलावरची साखर बोटाने गोळा केली. मग म्हणाली, ‘त्याच दिवशी. पण आता काय, परवा जाते. दोन जानेवारीला.’

मला ‘का’ म्हणून विचारावं लागलं नाही. आमच्या देशात जन्मलेल्या कुणालाच विचारावं लागणार नाही. विमा सगळ्यांना आहे, पण दर वर्षी इस्पितळाचे पहिले चारेकशे युरो आपल्या खिशातले, मग पुढचं विम्याचं. एक जानेवारीला पाटी पुन्हा कोरी. म्हणून डिसेंबरात आमच्याकडे कुणाचा गुडघा दुखत नाही. दुखला तरी माणूस दात-ओठ खाऊन नव्या वर्षाची वाट बघतो, कारण आता गेलं तर या वर्षीचे भरा आणि महिन्याभरात पुन्हा पुढच्या वर्षीचे भरा. गुडघा थांबतो. डोळा थांबत नाही.

‘कोट घाल,’ मी म्हटलं.

‘ताई, तेल तापलंय...’

‘कोट घाल म्हणते ना!’

मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, तेव्हाच मी समजले. आतला पडदा सुटला होता आणि मधला भागही गेला होता. आधी आली असती तर चिकटवता आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन केलं. बाहेर कालचे उरलेले फटाके फुटत होते. डोळा राहिला, नजर आली नाही. उजेड आणि अंधार एवढं कळतं तिला त्या डोळ्याने.

मी खाली कागदांसाठी गेले तेव्हा तिथल्या माणसाला सहज विचारलं की पैसे दोन्ही वर्षांचे पडतील का. तो म्हणाला, नाही, उपचार ज्या वर्षी सुरू होतात त्या वर्षातच सगळे धरतात. एकदाच. चार दिवस आधी आली असती तरी एकदाच पडले असते. म्हणजे डोळा गेला तो गेला, आणि वाचलं तेही काही नाही! मी त्या बिचाऱ्या माणसासमोर टेबलावर हात आपटला. त्याने मला पाणी दिलं.

हार्म आला तो सणाच्या जादा पगाराची रात्रपाळी संपवून, मशीनवरून तसाच, अंगाला कोकोचा वास. त्याला मी कॉरिडॉरमध्येच गाठलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडातून आलं. ‘झालं समाधान? एक डोळा भरलास ना बँकेत? आता कुठली खोली आपली झाली सांग! हीच शिकवण दिलीस तिला, डॉक्टरची चिठ्ठी हातात असली तरी थांब, थांब, जानेवारी येऊ दे! चमडी गेली तरी दमडी जायला नको तुझी!’

‘कुठली चिठ्ठी? कधी दिली?’ त्याने एवढंच विचारलं.

‘आता चिठ्ठीही आठवत नाही याला!’

तो भिंतीला टेकून उभा राहिला. पुढे एक शब्द बोलला नाही. गुन्हा कबूल आहे, असंच मी धरलं. योके आत उपडी झोपलेली होती. डॉक्टरांनी आठवडाभर तसंच झोपायला सांगितलं होतं. तोंड उशीत. आम्ही दारात इतकं ओरडत होतो, तिला ऐकू येत होतंच. ती काही बोलली नाही.

व्हॅन गेली. एका डोळ्याच्या बाईच्या हाती मुलं कोण देणार? कंपनीने फुलं पाठवली. त्या पट्टावाल्या मुलाने नव्या ड्रायव्हरला चावलं म्हणे. ते ऐकून योके आमच्याकडे सोफ्यावर बसून जी रडली, ती लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. फेम्के शिकायला असते त्या ख्रोनिंगनहून आली आणि बापाशी न बोलता परत गेली. त्याचे फोन घेणं तिने बंद केलं. मी तर त्याच्या घरची पायरी चढायचीच सोडली. योकेला भेटायचं तर ती माझ्याकडे चालत यायची, भिंतीच्या कडेकडेने.

आणि एप्रिलमध्ये आमंत्रण आलं. घर फिटलं! मुदतीच्या नऊ वर्षं आधी. कॉफीला या.

मी जाणार नव्हते. योकेने फोन केला, ‘ताई, ये. माझ्यासाठी ये.’ फेम्केलाही तिनेच बोलावलं. गेलो तर दारावर झेंडा लावलेला. हार्मने इस्त्रीचा शर्ट घातलेला, खुर्च्या गोल मांडलेल्या, दोन्ही बाजूंचे शेजारी आलेले. आणि आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक येणारा प्रत्येकाशी हात मिळवत फिरतोय. अभिनंदन हार्म. योके, नवऱ्याच्या घराबद्दल अभिनंदन. फेम्के, वडिलांबद्दल अभिनंदन. शेजारची तीनी हात पुढे करून माझ्यासमोर आली, ‘विल्मा, मेहुण्याबद्दल अभिनंदन!’

‘कशाबद्दल?’ मी म्हटलं. ‘मला नीट समजू दे. कशाबद्दल अभिनंदन? माझ्या बहिणीचा डोळा गेला त्याबद्दल? तिची व्हॅन गेली त्याबद्दल? हा माणूस म्हणाला जानेवारीपर्यंत थांब, आणि ही थांबली, आणि तुम्ही त्याच्या हातची कॉफी पिताय!’

तीनीचा हात तसाच राहिला. हार्म किटली घेऊन मधोमध उभा. फेम्के उठून माझ्या बाजूला आली.

‘हार्म असं म्हणाला नाही,’ योके म्हणाली.

‘तू आता त्याची बाजू घेऊ नकोस,’ मी म्हटलं.

‘बाजू नाही घेत. त्याला माहीतच नव्हतं. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली होती. विजा चमकतात हेही त्याला मी सांगितलं नव्हतं. थांबायचं माझं मीच ठरवलं.’

फेम्के आईकडे वळली. ‘आई! मी चार महिने बाबाशी बोलले नाही. आत्या-मावश्या सगळ्या त्याला बोलल्या. तू एकदा तरी सांगायचं ना!’

‘तुम्ही त्याला बोलत होतात ना,’ योके म्हणाली, ‘ते मला ऐकायला बरं वाटत होतं.’

माझी बहीण असं काही बोलू शकते हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. हार्मने किटली खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

‘मला विचारायचं होतंस गं,’ तो म्हणाला. ‘एकदा विचारायचं होतंस.’

‘विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?’ योकेने चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघता यावं म्हणून सगळी मान त्याच्याकडे वळवली. ‘खरं सांग. सगळ्यांसमोर सांग.’

हार्म खोटं बोलत नाही. तोही एक दाखला आहे त्याच्या नावावर. त्याने खुर्च्यांकडे बघितलं, शेजाऱ्यांकडे, पोरीकडे. मग जमिनीकडे बघत म्हणाला, ‘चारच दिवस तर आहेत, असं म्हणालो असतो.’