सिस्टरच्या फाईलवरचा निनावी अर्ज

पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली. मोठमोठे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत; कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला जोर लावावा लागतो. एका पानाचा एक निनावी अर्ज मात्र समोर धरल्यासारखा दिसतो. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं जुनं, कौलारू. सकाळी लिंबाच्या झाडाखाली हजेरी व्हायची, मग ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडायचे आणि फाटकाबाहेरच्या हॉटेलातून चहाची किटली यायची. त्या चहाची चव नंतर कुठल्याच ठाण्यात मिळाली नाही. पासपोर्टच्या चौकशीचं काम एका वयस्क हवालदारांकडे होतं. तालुक्यातून कोण कुठं परदेशी गेलं, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

एके दिवशी हजेरीनंतर ते दोन कागद घेऊन माझ्या खोलीत आले.

"साहेब, या सिस्टरच्या चौकशीत हरकत घेण्यासारखं काहीच न्हाई. मी कालच अहवाल लिवणार होतो. तेवढ्यात वरून हे आलं."

सिस्टर म्हणजे आमच्याच हद्दीत राहणारी, परभणीच्या एका खासगी दवाखान्यातली नर्स. अमेरिकेतल्या एका रुग्णालयानं तिला नोकरी देऊ केली होती आणि त्या नोकरीवर नवरा-मुलीसह तिकडं कायमचं राहण्याचा व्हिसा मिळणार होता. त्यासाठी जन्माचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, नर्सिंगची नोंदणी, अनुभवाचे दाखले असं सगळं जमवायचं होतं. शेवटचा कागद आमचा: या बाईवर कुठलाही गुन्हा नाही, असा पोलिसांचा दाखला.

दुसरा कागद तो निनावी अर्ज. अधीक्षक कार्यालयानं त्यावर चौकशीचा शेरा मारून तो आमच्याकडे धाडला होता. अर्जात लिहिलं होतं की सदर महिलेचा जन्मदाखला बनावट आहे. शाळेच्या दाखल्यावर एक जून ही तारीख आहे आणि जन्मदाखल्यावर डिसेंबरातली. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मागाहून नोंद घुसडली आहे. सबब पोलीस दाखला देण्यात येऊ नये. खाली सही नाही. नुसतं 'एक जागरूक नागरिक'.

सिस्टरला ठाण्यात बोलावलं. सोबत तिचे वडील आले. पाटबंधारे खात्यात बारनिशीला, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलावर, त्यांनी सगळी नोकरी केली होती. पत्नी वारलेली, मुलगी एकुलती. कागदांची फाईल त्यांच्याच मांडीवर होती. आतल्या बाजूला कागदांची यादी चिकटवलेली, प्रत्येक कागदाला क्रमांक.

"हा ग्रामपंचायतीचा दाखला, हा त्याचा इंग्रजी तर्जुमा, हे नोटरीचं," ते एकेक कागद काढून दाखवत होते. "शाळेत तिचं नाव एका अक्षरानं चुकलं होतं, त्याचं हे प्रतिज्ञापत्र. सगळं मी सोता फिरून आणलंय, साहेब."

मी तक्रारीचं सांगितलं. सिस्टरचा चेहरा उतरला.

"साहेब, आठ वरसांनी मुलाखतीची तारीख आलीय. अठरा दिवस ऱ्हायलेत. तवर तुमचा दाखला न्हाई मिळाला, तर पुन्हा किती थांबायचं, कुणीच सांगायलं न्हाई." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "दादा, आपलं कुणी वाईट चिंतायलंय का हो?"

वडिलांनी फाईलची दोरी बांधली आणि पुन्हा सोडली.

खात्यात आम्हाला एक गोष्ट पहिल्यापासून शिकवलेली असते. एखाद्या कृत्यात कुणाचा फायदा आहे, ते आधी पाहा. मी तेच केलं. त्याच दवाखान्यात दुसरी एक नर्स होती. तिनंही अमेरिकेसाठी अर्ज केला होता, पण इंग्रजीच्या परीक्षेत ती मागं पडली होती. मला एवढं पुरेसं वाटलं. तिला बोलावून तासभर उलटसुलट प्रश्न विचारले. आवाजही चढवला. ती रडली, पण बधली नाही.

"साहेब, तिच्या अनुभवाच्या दाखल्याचा मसुदा मी बसून लिवून दिलाय. ती गेल्यावर माझा मार्ग सोपा व्हणार हाय, मी कशाला तिला अडवू?" डोळे पुसून ती पुढं म्हणाली, "आन् तिच्या शाळंत कोणती तारीख हाय, गावात कोणती हाय, हे मला कसं ठाऊक असंल? हे घरच्या माणसाबिगर कुणाला म्हाईत असतंय?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन बोरीच्या अलीकडं असलेल्या सिस्टरच्या जन्मगावी गेलो. ग्रामसेवकानं जुनी जन्म-मृत्यूची वही काढली. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. सिस्टरच्या जन्माची नोंद होती ती दोन नोंदींच्या बरोबर मधे. शाई तीच, अक्षर तेच, अनुक्रम सलग. मागाहून घुसडायला तिथं जागाच नव्हती. खबर देणाऱ्याच्या रकान्यात सही होती तिच्या वडिलांची. तरुण वयातली, जरा ऐटबाज सही.

म्हणजे नोंद खरी होती. तरीही शाळेतल्या तारखेचा खुलासा हवा होता आणि तो वडीलच देऊ शकत होते. मी त्यांना जबाबासाठी एकट्यालाच बोलावलं. शिकलेल्या माणसाचा जबाब मी शक्यतो त्याच्याच हातानं लिहून घेत असे. त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला.

त्यांनी कागद उचलला, डावीकडून बोटभर दुमडला, अंगठ्याच्या नखानं घडी दाबली आणि उलगडून त्या घडीच्या उजवीकडून लिहायला सुरुवात केली. जुन्या कारकुनांची समास सोडायची हीच पद्धत.

मी ड्रॉवर उघडला आणि निनावी अर्ज त्या कागदाशेजारी ठेवला. त्याच्यावरही तशीच घडी होती, तेवढ्याच अंतरावर. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढलेलं होतं. हाताची सवय मात्र लपली नव्हती. विषय, संदर्भ, शेवटी 'सबब'. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

त्यांनी दोन्ही कागदांकडे पाहिलं. चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

"काका, तुम्ही लिहिलात?"

"व्हय."

"का?"

त्यांनी अर्जावरची घडी बोटानं सपाट केली. मग ते बोलू लागले.

"साहेब, मला वाटलं होतं, चार वर्षांची नोकरी असंल. आखाती देशात जातेत तशी. कमवंल, परत येईल. म्हणून मीच हौसेनं कागद गोळा करायलो. त्या यादीतल्या कागदांचा तर्जुमा करायला वकिलाकडं बसलो होतो, तिथं त्यानं सांगितलं, काका, हे कायमचं असतंय. मी घरी आलो. नात अंगणात खेळायली होती. मला काय झालं काय की, दुपारी बसून लिवलं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तिला जाऊच द्यायचं न्हाई, असं न्हाई, साहेब. मला वाटलं, तारीख चुकंल, दोन-चार वर्षं लांबंल. तवर माझं उरकून जाईल."

खोटी माहिती देऊन सरकारी नोकराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. दारात उभ्या हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. गुन्हा नोंदवायचा की नाही, हे माझ्या हातात होतं. मी हवालदारांना चहा सांगायला पाठवलं.

"काका, आता खरं काय ते लिहा. तारखेचं."

त्यांनी लिहिलं. ते लिहीत असताना मी पाठीमागून वाचत होतो. मुलगी डिसेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत घरीच जन्मली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः चालत जाऊन ग्रामपंचायतीत नोंद करून आले. शाळेत वय भरावं म्हणून मास्तरांनी एक जून लावली आणि त्यांनी मान डोलावली. जन्मदाखला खरा आहे. शेवटची ओळ जबाबात लागत नव्हती, तरी त्यांनी लिहिली: 'मुलगी झाली म्हणून मी गावात पेढे वाटले होते, यास गाव साक्षी आहे.' मी ती ओळ खोडायला सांगितली नाही.

निनावी अर्ज 'तथ्य आढळून आले नाही' असा शेरा मारून दप्तरी दाखल केला. दाखल्याचा अहवाल त्याच दिवशी वर गेला.

उठताना त्यांनी विचारलं, "साहेब, तिला सांगणार का तुमी?"

"मी नाही सांगणार. ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. हे मला नंतर सिस्टरकडूनच कळलं. ती जाण्याआधी निरोप घ्यायला आली होती. मुलाखत पार पडली होती, व्हिसा लागला होता. म्हणाली, दोन दिवस ती वडिलांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढून समोर बसली आणि दोघंही रडले. नेणार का त्यांना, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मी म्हटलं, चला. ते म्हणतेत, मी तिथं कुणाशी बोलू?" मग जरा घुटमळली. "साहेब, तुमची गाडी संध्याकाळच्याला आमच्या गल्लीतून जाती ना? मधनंमधनं दादाला हाक मारीत जावा."

मी त्या दुसऱ्या नर्सकडेही जाऊन आलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून तिची माफी मागितली. वर्दीत माफी मागण्याची माझी ती पहिलीच वेळ. ती म्हणाली, "जाऊ द्या साहेब," पण तिच्या डोळ्यांतली भीती गेली नव्हती. ते मला अजून टोचतं.

फायदा कुणाचा, हे शोधायला मला खात्यानं शिकवलं होतं. या प्रकरणानंतर मी आणखी एक गोष्ट पाहू लागलो: यात कुणाचं काय जाणार आहे? पुढच्या नोकरीत कितीतरी चौकशा मला या प्रश्नानं सोप्या केल्या. आणि काही अवघडही केल्या. कारण ज्याचं काही जाणार असतं, तो समोर बसला की हातातलं पेन जड होतं.

त्या ठाण्यात मी पुढं दोन वर्षं होतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी त्या दाराशी थांबायची. काका चहा टाकायचे, घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आता तिकडं सकाळ झाली असंल. नात शाळंला निघाली असंल." नातीनं फोनवर शिकवलेले इंग्रजी शब्द मला ऐकवायचे. कधी नुसतेच बसून राहायचे. मीही बसायचो.

बदलीचा आदेश आला. नव्या साहेबांना पदभार देताना प्रलंबित गुन्हे, मुद्देमाल, शस्त्रं, सगळं यादीप्रमाणे सांगून झालं. शेवटी मी त्यांना त्या गल्लीतलं घर सांगितलं.

त्यांनी वही उघडली. "गुन्हा कुठला?"

"गुन्हा काही नाही," मी म्हटलं. "थांबून चहा घ्यायचा."