गुळाचा खडा

आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो की तिथले वेल्डर काका आधी मला हातानं मागं सारायचे. "सर, लांब उभं राहा. लोखंडाची धूळ लई वाईट." मग स्वतः उघड्या तोंडानं ग्राइंडरवर वाकायचे. काम संपलं की गुळाचा खडा चघळायचे. "यानं छाती साफ होती."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. गूळ पोटात जातो. धूळ फुप्फुसात बसते आणि तिच्यातले धातूचे कण हृदयालाही सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांना आवडतो म्हणून कन्नडच्या बाजारातून मी गूळच आणत राहिलो.

परवा मास्क घेऊन गेलो. "आता व्हय, सर?" एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. मास्क त्यांनी खिशात ठेवला, ग्राइंडर उचलला आणि हातानं मला मागं सारलं.

मी सरलो.