अनोळखी नावाची पाकिटं

निर्मलाताई ग्राहकांची पत्रं उभं राहून वाचत. खुर्ची शेजारीच असायची. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अरे मंदार, माणूस दारात येऊन बोलतोय. आपण बसून ऐकायचं?"

अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या आमच्या गृहकर्ज संस्थेत सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, थेट संचालकांनाही. पण सोलापूरहून आलेल्या, आईच्या वयाच्या बाईंना नुसतं 'निर्मला' म्हणणं मला कधी जमलं नाही. ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. त्यांच्या डचलाही सोलापुरी हेल होता आणि म्हाताऱ्या ग्राहकांना तो आवडायचा.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी संस्थेनं नाव बदललं. जुन्या नावात गाव होतं, घर होतं, बचत होती. नवं नाव एका जाहिरात कंपनीनं शोधून दिलेलं, ना शेंडा ना बुडखा. निळा रंग गेला, जांभळा आला. ग्राहकांची पत्रं आणि ईमेल वाचून लोकांना ते कसं वाटतंय हे मोजायचं काम मी लिहिलेल्या प्रोग्रामकडे होतं: खूश, नाराज, तटस्थ. तरुण ग्राहकांनी यथेच्छ टिंगल केली. सत्तरीपुढच्यांकडून मात्र जवळजवळ काहीच आलं नाही. आमचा मॅनेजर रूब बैठकीत म्हणाला, ज्येष्ठांनी नवं नाव स्वीकारलंय. मी मान डोलावली. आलेख माझाच होता.

"गप्प बसलेला माणूस खूश असतो होय?" ताई बाहेर आल्यावर म्हणाल्या. "तुझ्या बायकोला विचारून बघ."

मग त्या मला तळघरातल्या टपालखोलीत घेऊन गेल्या. तिथे परत आलेल्या जांभळ्या पाकिटांचा ढीग होता. एकही उघडलेलं नव्हतं. त्यांवर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'ही संस्था माहीत नाही.' अनोळखी नावाचं पत्र उघडू नका, फसवणूक असते, असं आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं बजावत आलो होतो. "शिकवलेलं ऐकलं बिचाऱ्यांनी," ताई म्हणाल्या.

त्यांतल्या काही पाकिटांत कर्जाची मुदत संपत असल्याची सूचना होती. महिनाअखेर मुदतवाढीचा अर्ज आला नाही, तर सगळं कर्ज एकदम फेडायचं, म्हणजे घर विकायचं. या ग्राहकांना फोन करू आणि आधी जुनं नाव सांगू, असं ताईंनी सुचवलं. रूब वाईट माणूस नव्हता, पण जुनं नाव कोणी उच्चारायचं नाही असा वरचा हुकूम होता. खुलाशाचं पत्र पाठवू, तो म्हणाला.

"न उघडलेल्या पत्राचा खुलासा न उघडायच्या पत्रात," ताई मला म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे त्या ग्राहकांची यादी मागितली. ग्राहकांचे पत्ते बाहेर नेणं हा नोकरी जाण्याइतका गुन्हा होता. तरी मी यादी काढून दिली.

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर हार्लेमला गेलो. यादीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी खिडकीतूनच हात हलवून 'नको' म्हटलं. ताईंनी फुटपाथवरून मोठ्यानं संस्थेचं जुनं नाव घेतलं. दार उघडलं.

"मला वाटलं तुम्ही बंद पडलात," बाई म्हणाल्या. "माझा नवरा असता तर त्याला कुणीतरी कळवलं असतं." ताईंनी त्यांचा हात हातात घेतला, अर्ज सावकाश वाचून दाखवला आणि सही घेतली. यादीतल्या बाकीच्यांच्या घरी ताई एकट्या गेल्या. एकाचंही घर गेलं नाही.

घात केला तो आभाराच्या पत्रानं. ताई घरी येऊन अर्ज भरून घेऊन गेल्या, असं एका ग्राहकाच्या मुलीनं त्यांचं नाव घेऊन लिहिलेलं पत्र माझ्या प्रोग्रामनं 'खूश'मध्ये सगळ्यात वर ठेवलं आणि रूबनं ते बैठकीत कौतुकानं वाचायला घेतलं. वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. "यादी कोणी काढली?"

माझा इथे राहायचा परवाना नोकरीवर अवलंबून होता. बायकोला सातवा महिना होता. माझी पाचावर धारण बसली.

"मी," ताई म्हणाल्या.

पेन्शनला दोन वर्षं उरली असताना त्यांची नोकरी गेली. पुढे संस्थेनं ज्येष्ठांच्या पाकिटांवर जुनं नाव छापायला सुरुवात केली. ते काम माझ्याकडे आलं, त्यातून मला बढती मिळाली. मी ताईंना फोन केला. "छान झालं रे," त्या म्हणाल्या. मी चाचरत म्हटलं, "ताई, यादीचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग सांग की. अजून काय बिघडलंय?" असं म्हणून त्यांनी बाळाला दात आले का, ते विचारलं.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. या हिवाळ्यात ताई गेल्या. अंत्यविधीनंतरच्या सोमवारी मी रूबच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. एव्हाना माझा कायमचा परवाना झाला होता, भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं.

रूबनं समोरचा लॅपटॉप मिटला. "निर्मलाला सिस्टिममधून साधा पत्ताही काढता येत नव्हता," तो म्हणाला. "त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आम्ही तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो. तीही."